उतारावर बंद केलेली चावी

मी एक जुना टेम्पो आहे, मित्रांनो. पेण तालुक्यातल्या जिते गावात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, महिपती नावाच्या माणसाच्या अंगणात मी उभा असतो. माझा रंग इतका उडाला आहे की मूळचा मी निळा होतो हे आता सांगावं लागतं. डावा दरवाजा आतली दोरी ओढल्याशिवाय उघडत नाही आणि हॉर्न वाजवला की तो आधी खोकतो, मग वाजतो. हे सगळं मला मान्य आहे. म्हातारपण कुणाला चुकलं आहे? पण एक गोष्ट मी कधीच मान्य केली नाही. गावातली पोरं माझ्याजवळून जाताना एकमेकांना म्हणायची, "तो बघ, बिनब्रेकचा टेम्पो." कितीतरी वर्षं मी हे मुकाट्याने ऐकून घेतलं. टेम्पोला तोंड असतं तर मी एकेकाला चांगलंच सुनावलं असतं.

माझे ब्रेक कधीच गेले नव्हते, मित्रांनो. ही साधी गोष्ट उघडकीला यायला एका बाईला रोह्याच्या मैदानावर ड्रायव्हिंगच्या परीक्षेला बसावं लागलं. तीच हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. लोखंडाचा वास, लांबच लांब शेड आणि माझ्यासारखीच दिसणारी भावंडं, एवढंच आठवतं. पहिली स्पष्ट आठवण आहे ती पेणची. महिपतीने मला तिथे आणलं, माझ्या तोंडावर झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ फोडला. जित्याला त्याची भाताची शेती होती, भात निघाला की त्याच जमिनीत तो वाल टाकायचा. पण त्याचं मन शेतीत कमी आणि स्टिअरिंगवर जास्त. माझ्याआधी त्याच्याकडे एक म्हातारी जीप होती. ती भंगारात गेली तेव्हा मी आलो, आणि पहिली दोन वर्षं मला त्या जीपचं कौतुक ऐकावं लागलं. जीप अशी चढायची, जीप तशी वळायची. सवतीचं पोर झाल्यासारखं वाटायचं मला. पण ही जीप उगाच मध्ये आणत नाही मी. पुढे जे घडलं त्याचं मूळ तिच्यातच आहे.

आमचं काम मूर्ती वाहण्याचं. पेणला दत्तात्रेय नावाच्या कारागिराचा मोठा कारखाना होता. वैशाख लागला की तिथल्या मूर्ती गावोगाव निघायच्या, आणि रोह्याच्या बाजूला जायच्या त्या माझ्यातून. शाडूची मूर्ती म्हणजे फार नाजूक जिन्नस. सोंडेला धक्का लागला, बोटाला तडा गेला, की दुकानदार ती घेत नाही. म्हणून माझ्या हौद्यात भाताचा पेंढा अंथरायचे आणि मूर्तींच्या मधल्या फटींतही पेंढाच भरायचे. हे काम मंगळ्या करायचा. नदीकाठच्या कातकरवाडीतला हा माणूस, बोलायला कमी, पण हात असा हलका की पेंढा भरताना मूर्तीवरची धूळसुद्धा हलू नये. सगळं भरून झालं की तो स्वतः मागे मूर्तींच्या मध्ये बसायचा, दोन्ही हातांनी जवळच्या दोन मूर्तींना आधार द्यायचा आणि तसाच रोह्यापर्यंत जायचा. माल वाहायच्या गाडीत मागे माणूस बसवू नये असा नियम आहे. पण त्या काळी तो नियम कुणी फारसा मनावर घेत नसे. आणि मंगळ्याने पुढे बसावं असं महिपतीच्या कधी मनातही आलं नाही.

आमचं नाव झालं. महिपतीच्या गाडीत देवाच्या केसाला धक्का लागत नाही, असं लोक म्हणायचे. दत्तात्रेय तर दुसऱ्या गाडीत मूर्ती द्यायलाच तयार नसायचा. मला फार बरं वाटायचं ते ऐकून. शेवटी कौतुक कुणाला नको असतं?

पण या कौतुकामागे महिपतीची एक युक्ती होती, आणि त्या युक्तीची मला पहिल्यापासून भीती वाटत होती. माझं इंजिन डिझेलचं. ते चालू असलं की सगळं अंग थरथरतं. त्या थरथरीने मूर्तीला बारीक तडे जातात, हे त्या भागातल्या जुन्या ड्रायव्हर लोकांना माहीत होतं. म्हणून उतार आला की महिपती गिअर काढायचा आणि चावी फिरवून इंजिनच बंद करायचा. मग मी नुसता घरंगळत उतरायचो, ना आवाज ना थरथर. तो हसून म्हणायचा, "देवांना जरा डुलकी लागू दे." ही विद्या तो जीपवर शिकला होता आणि जीपला ती चालायचीही. तिचे ब्रेक सगळे पायाच्या जोरावर होते.

माझं तसं नाही, मित्रांनो. हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळं अडलं आहे. माझ्या ब्रेकच्या पेडलपुढे एक गोल डबा आहे. मेकॅनिक त्याला बूस्टर म्हणतात. इंजिन चालू असलं की त्या डब्यातली हवा ओढली जाते आणि तुम्ही नुसता पाय ठेवलात तरी ब्रेक कचकन लागतो. इंजिन बंद झालं की डब्यात उरलेला जोर एक-दोन वेळा दाबण्यापुरता टिकतो. तो संपला की पेडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक जागेवरच असतात, पण ते लावायला माणसाच्या पायात असते त्याहून जास्त ताकद लागते. छोट्या उतारावर, आणि रस्ता मोकळा असला तर खिंडीतही, महिपतीला एक-दोनदाच ब्रेक दाबावा लागायचा, म्हणून वर्षानुवर्षं निभावलं. मी मात्र प्रत्येक उतारावर जीव मुठीत धरून उतरायचो.

नागोठण्याकडून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते. त्या दिवशी हौदा मूर्तींनी भरलेला होता आणि मंगळ्या मागे बसला होता. खिंडीच्या माथ्यावर महिपतीने सवयीने चावी बंद केली. पहिल्या वळणाला त्याने ब्रेक दाबला, मी वेग कमी केला. दुसऱ्या वळणाला दाबला, तेव्हा पेडल जड लागलं. तेवढ्यात पुढे रस्त्यावर म्हशी आल्या. त्याने तिसऱ्यांदा पाय मारला आणि पेडल हललंच नाही. त्याने दोन्ही पाय रोवले, उठून उभं राहिल्यासारखं सगळं अंग त्यावर टाकलं. मी जितका थांबू शकत होतो तितका थांबलो. खरंच सांगतो, मी माझ्याकडून कसूर केली नाही. पण ते पुरेसं नव्हतं. म्हशी चुकवताना मी गटारात गेलो आणि उजव्या अंगावर कलंडलो.

महिपतीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मंगळ्याचा पाय मात्र हौद्याच्या फळीखाली सापडला आणि गुडघ्याखाली चिरडला. मूर्तींचा नुसता चुरा झाला होता, आणि त्या चुऱ्यात तो पांढराफटक पडून होता. लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" महिपतीच्या ओठांवर पहिलंच आलं ते, "ब्रेक फेल झाले." तेव्हा तो घाबरलेला होता, म्हणून त्या पहिल्या वेळेचं मी त्याला माफ करतो. पण नंतर त्याने तेच गावात सांगितलं, दत्तात्रेयाला सांगितलं, मंगळ्याच्या बायकोला, पारीलाही सांगितलं. वडखळच्या गॅरेजमध्ये मेकॅनिकने माझी चारही चाकं उघडून बघितली आणि म्हणाला, "ब्रेक तर ठणठणीत हायत." महिपती खाली बघत म्हणाला, "आता असतील. तवा नव्हते." मेकॅनिकने खांदे उडवले आणि पुढच्या गाडीकडे गेला.

मंगळ्याचा पाय पुन्हा नीट झाला नाही. काठी घेऊन तो चालायला लागला, पण ओझं उचलायचं, चढायचं-उतरायचं काम संपलं. पारी एकटी मजुरीला जायला लागली. महिपतीने गाडी चालवणंच सोडून दिलं. स्टिअरिंगला हात लावला की त्याचा उजवा पाय थरथरायचा. दर हंगामाला तो मंगळ्याच्या घरी भात पाठवायचा, आणि गाव म्हणायचं, बघा, चूक गाडीची, पण माणूस किती भला. असं कुणी बोललं की महिपती उठून आत जायचा. आणि मी? मी अंगणात उभा. हौद्यात कोंबड्यांनी अंडी घातली, टपावर वालाच्या शेंगा वाळत घातल्या जायच्या. जिथे देव बसले होते तिथे कोंबड्या बसल्या, याचंही मला तितकं वाईट वाटलं नाही. बिनब्रेकचा म्हणून नाव पडलं, त्याचं वाटलं.

माझ्यात पुन्हा जीव आणला तो शकूने. शकू ही महिपतीची सून. तिचा नवरा मोरू नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टवर जायचा. गावातल्या बायका कारखान्यातून कच्च्या मूर्ती आणून घरी रंगवायच्या. बायजा नावाची बाई त्यांची पुढारी होती. रोह्याचा एक दुकानदार त्यांच्याकडून मूर्ती घ्यायला तयार झाला होता, अट एकच, मूर्ती पाऊस सुरू व्हायच्या आत पोहोचल्या पाहिजेत. आधीच्या वर्षी भाड्याच्या गाडीची वाट बघता बघता वेळ टळली होती आणि रंगवलेल्या मूर्ती बायजाच्या ओटीवर पडून राहिल्या होत्या. या वर्षी पुन्हा तसं झालं तर दुकानदार कायमचा हातचा जाणार होता. तेव्हा शकू म्हणाली, "आपल्या अंगणात टेम्पो हाय. मी चालवीन."

महिपती उठून माझ्यापाशी आला. मग म्हणाला, "त्याचे ब्रेक गेलेले हायत, गो."

"ते दुरुस्त करून घेऊ, मामा," शकू म्हणाली. तिला काय ठाऊक की दुरुस्त करायला काही नव्हतंच.

टायर नवे आले, बॅटरी आली, तेल बदललं. कोंबड्यांना हाकलून लावलं, ते मी मोठ्या आनंदाने बघितलं. पेणला जाऊन शकूने शिकाऊ लायसन काढलं आणि माझ्या पुढे-मागे लाल रंगात एल हे अक्षर चिकटवलं. शेजारच्या सीटवर महिपती बसायचा. स्वतः चालवायचं धाडस त्याच्यात नव्हतं, पण शिकवायला तो चांगला होता हे मला मान्य केलंच पाहिजे. गिअर टाकताना तिने घाई केली तर तो ओरडायचा नाही, नुसता घसा खाकरायचा.

रोह्याला परीक्षेचा कॅम्प लागणार होता. तिथे साहेब नुसती गाडी चालवून बघत नाहीत, गाडीच्या सुरक्षेचे प्रश्नही विचारतात, असं मोरूने सांगितलं होतं. मग रोज उन्हं उतरली की माझ्याभोवती शाळा भरायची. महिपती ओट्यावर बसून विचारायचा आणि शकू पदर खोचून माझ्याभोवती फिरत उत्तरं द्यायची.

"टायर चांगला का वाईट, कसं वळखशील?"

"नक्षी झिजली का बघायची. कडेला चीर, फुगा हाय का बघायचं. हवा गार टायरात मोजायची."

"ब्रेकचं तेल कुठं असतंय?"

ती बॉनेट उघडून छोटी बाटली दाखवायची. "ह्या दोन रेघांच्या मधी पायजे. कमी असलं तर नुसतं भरायचं नाय, गळतंय कुठं ते बघायचं."

"मागची लाल बत्ती लागते का, एकटी असलीस तर कसं बघशील?"

"भिंतीजवळ मागं घ्यायची न् भिंतीवर उजेड पडतो का बघायचं."

महिपतीचा चेहरा खुलायचा. माझ्या एकेका भागाचं असं नाव घेतलं जायचं तेव्हा मलाही भरून यायचं. इतक्या वर्षांत माझी एवढी विचारपूस कुणी केली नव्हती. पण एका संध्याकाळी शकूनेच उलट विचारलं, "मामा, मोठ्या उतारावर काय करायचं? साहेब इचारील."

महिपतीने तंबाखूची डबी उघडली, बंद केली. "ते काय इचारीत नाय," तो म्हणाला आणि गाईला पाणी दाखवायचं आहे म्हणून उठून गेला. गाईने तर मघाशीच पाणी प्यायलं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण जे महिपतीने सांगितलं नाही ते बायजाने सांगितलं, आणि उलटं सांगितलं. मूर्तींची नेआण कशी करायची याची चर्चा चालली होती, तेव्हा ती शकूला म्हणाली, "तुझ्या सासऱ्याची युक्ती शिकून घे, गो. उतार आला का चावी बंद करायचा. मूर्ती हलायची बी नाय. तेवढं जमलं का तू खरी डायवर." बायजाचा हेतू चांगलाच होता. वाईट वाटतं ते एवढंच, की चुकीची गोष्ट इतक्या मायेने शिकवली जात होती.

दुसऱ्या दिवशी स्टेशनकडून गावात येणाऱ्या छोट्या उतारावर शकूने गिअर काढला आणि चावी बंद केली. माझं इंजिन गप्प झालं. ती अभिमानाने महिपतीकडे बघून म्हणाली, "बघा मामा, तुमच्यासारखं." महिपतीने दरवाज्याची दोरी घट्ट धरली. तो बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. पण तो समोर बघत राहिला. तिने एकदा ब्रेक दाबला, मी थांबलो, आणि ती आनंदाने हसली.

मित्रांनो, मला त्या दिवशी जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नाही. माझ्यावर आळ घेतलास, तो मी सोसला. पण ही पोर उद्या खिंडीत चावी बंद करील, आणि तरी तू गप्प? अरे, तुझी लाज मोठी का तिचा जीव मोठा? पण ओरडणार कसा? मी अंगणात उभा राहिलो की माझं सगळं लक्ष त्या गोल डब्याकडे लागायचं. पेडलवर शकूचा पाय आला की मनात म्हणायचो, बाई, एकदा इंजिन बंद करून दोन-तीनदा दाबून बघ ना. पण ती तसं करायची नाही. तिला कारणच नव्हतं.

कॅम्पचा दिवस आला. त्याच फेरीत थोड्या मूर्तीही रोह्याला पोहोचवायच्या ठरल्या, आणि पेंढा भरायला शकूने मंगळ्याला बोलावून आणलं. महिपतीला हे आयत्या वेळी कळलं. मंगळ्या काठी टेकत आला, त्याने माझ्या हौद्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मग शकूच्या आधाराने वर चढून, पूर्वीसारखाच पेंढा भरून तो मूर्तींच्या मध्ये जाऊन बसला. "मागं नको, पुढं बस," असं कुणी म्हटलं नाही. शकूला तो नियम पाठ होता, पण सवयीपुढे तिलाही तो आठवला नाही.

वडखळ गेलं, नागोठणं गेलं, आणि आम्ही खिंडीच्या माथ्यावर आलो. मला सगळं ओळखीचं होतं, ते गटारसुद्धा. शकूने गिअर काढला आणि तिचा हात चावीकडे गेला. तेवढ्यात महिपतीचा हात तिच्या हातावर आला. त्याने तिचा हात उचलून पुन्हा गिअरवर ठेवला.

"दुसऱ्यात घाल. इंजिन चालू ऱ्हाऊ दे."

"मूर्ती हालतील ना, मामा."

"हालू देत. आज परीक्षा हाय."

एवढंच. का, ते त्याने त्या दिवशीही सांगितलं नाही. मी इंजिनाच्या जोरावर हळूहळू खिंड उतरलो. मागे मंगळ्या दोन्ही हातांनी मूर्ती धरून बसला होता, आणि आम्ही खाली येईपर्यंत त्याने डोळे मिटलेले होते. दुकानदाराकडे मूर्ती उतरवल्या तेव्हा एकीच्या बोटाला तडा गेलेला निघाला. तो कुरकुरला, शकू हिरमुसली, आणि महिपती पेंढा गोळा करत राहिला.

मैदानावर बरीच मंडळी जमली होती. साहेब पन्नाशीचे, शांत बोलणारे होते. शकूने मला आठ आकड्यात फिरवलं, मागे घेतलं, चढावर थांबवून पुन्हा उचललं, एकदाही बंद पाडलं नाही. मग साहेबांनी टायर विचारले, दिवे विचारले, तेल विचारलं. तिने भराभरा सांगितलं. महिपती आणि मंगळ्या माझ्या खिडकीपासून चार हातांवर कडुलिंबाच्या सावलीत उभे होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "तयारी चांगली आहे. आता इंजिन बंद करा आणि ब्रेक दाबा. सोडा. पुन्हा दाबा."

शकूने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा तिचा पाय अडला.

इतकी वर्षं जे मला कुणाला सांगता आलं नव्हतं, ते मी त्या क्षणी तिच्या तळपायाला सांगितलं. ती दाबत होती आणि पेडल हलत नव्हतं. तिने खाली बघितलं. पुन्हा जोर लावला.

"पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन चालू करा," साहेब म्हणाले. इंजिन सुरू झालं आणि पेडल तिच्या पायाखाली आपोआप खाली गेलं. "काय कळलं?"

शकूने मान वळवून सावलीकडे बघितलं, आधी सासऱ्याकडे आणि मग मंगळ्याच्या पायाकडे. तिला सगळं कळलं होतं, हे मला तिच्या पायावरून समजलं. तो तिने पेडलवरून झटकन मागे घेतला.

"बाई, सांगा. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली तर काय होईल?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण ते उत्तर देणं म्हणजे मंगळ्याच्या समोर सासऱ्याचं खोटं उघडं करणं. ती मान खाली घालून बसली. साहेब म्हणाले, "एवढं महत्त्वाचं येत नसेल तर लायसन कसं देऊ?"

"साहेब, तिला येतंय," महिपती पुढे येत म्हणाला. "म्या शिकवलं नाय. मुद्दाम शिकवलं नाय."

"तुम्ही मध्ये बोलू नका. परीक्षा त्यांची आहे."

पण महिपती थांबला नाही. त्याने माझ्या दरवाज्याला हात टेकला आणि मंगळ्याकडे वळला. "मंगळ्या, टेम्पोचे ब्रेक गेले नव्हते. खिंडीत म्या चावी बंद केली व्हती. त्यानं पेडल घट्ट झालं."

मंगळ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"ठाव हाय, शेट," तो म्हणाला.

"तुला ठाव हाय?"

"मी मागंच व्हतो ना. इंजिनाचा आवाज गेला, तो ऐकला. मंग तुमचा पाय आपटत व्हता, तो बी ऐकला."

महिपतीने विचारलं, "मंग इतकी वरसं बोलला का नाय?"

"तुमी सांगाल म्हणून थांबलो," मंगळ्या म्हणाला.

तो रागावला नव्हता. आवाजही चढला नव्हता. त्याने माझ्या हौद्यातलं आपलं फडकं घेतलं, झटकून खांद्यावर टाकलं आणि शकूला म्हणाला, "मी रेल्वेनं जातो, गो." आणि तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. महिपती त्याच्यामागे निघाला. तो दोन्ही पायांनी धडधाकट होता, मनात आणलं असतं तर मंगळ्याला सहज गाठलं असतं. पण तो तसा मागेच राहून चालत होता. दोघे वळणापलीकडे जाईपर्यंत मी बघत होतो.

साहेबांनी शकूला त्या दिवशी पास केलं नाही. उत्तर दुसऱ्याने सांगितलं होतं, नियम म्हणजे नियम. पुढच्या कॅम्पला या, एवढं म्हणाले. शिकाऊ लायसनवर तिला एकटीने परत जाता येईना, म्हणून लायसन असलेल्या मोरूची शिफ्ट सुटेपर्यंत ती माझ्यात बसून राहिली. बसल्या बसल्या तिने कितीदा तरी इंजिन बंद केलं आणि पेडल दाबून बघितलं. एकदा ती डोळे पुसत मला म्हणाली, "तुला उगाच नावं ठेवली रे सगळ्यांनी." माझी इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली, मित्रांनो. पण खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला नाही. माझ्या डोळ्यांपुढून तो लंगडत जाणारा माणूस हलत नव्हता.

रेल्वेत त्या दोघांचं काय बोलणं झालं, की झालंच नाही, हे मला माहीत नाही. मी टेम्पो, मला रेल्वेतलं कसं कळणार? महिपतीने मात्र दुसऱ्या दिवशी गावात सगळ्यांना स्वतःहून खरं सांगितलं, बायजालाही आणि पारीलाही. पारीने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. शकूला लायसन नाही, मोरू शिफ्टवर आणि महिपती आता तिच्या शेजारी बसेना, म्हणून त्या वर्षी उरलेल्या मूर्ती वेळेत गेल्या नाहीत. दुकानदाराने दुसरीकडून माल घेतला, आणि बायजाची ओटी पुन्हा देवांनी भरून राहिली. खरं सांगायला उशीर झाला, त्याचा भुर्दंड भलत्यांनाच बसला.

शकूला पुढच्या कॅम्पला लायसन मिळालं. आता तीच मला चालवते. उतार आला की दुसरा गिअर, इंजिन चालू, आणि हौद्यात माणूस नाही, हे तिचे नियम कुणासाठी बदलत नाहीत. एखाद्या मूर्तीला तडा गेला तर ती घरी आणून शाडूने सांधते. महिपती तिच्या शेजारी बसत नाही. मंगळ्या अजून येतो, पेंढा पूर्वीसारखाच भरून देतो. शकू दर वेळी पुढची सीट पुसते, दोरी ओढून डावा दरवाजा उघडते आणि म्हणते, "मंगळ्यादादा, पुढं बसा." तो मान हलवतो आणि काठी टेकत वाडीकडे निघून जातो. माझ्यात तो अजून बसलेला नाही. शकू थोडा वेळ थांबते, मग दरवाजा लावून घेते.

तर मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कुठल्यातरी गाडीच्या चावीला हात लावाल. टायर बघा, तेल बघा, दिवे बघा. निघण्याआधी एकदा ब्रेकवर पाय ठेवून गाडीला काय सांगायचं आहे ते ऐका, आणि उतारावर चावीला हात लावू नका. तरीही माणूस आहात, चूक होईलच. ती झाली तर त्याच दिवशी सांगा. बिचाऱ्या गाडीच्या नावावर खपवू नका. तुम्हाला वाटतं कुणाला कळलं नाही, पण मागे बसलेल्या माणसाने सगळं ऐकलेलं असतं.